कोअर दुप्पट, डिस्क हळू: एकच तिकीट चार वेळा उघडलं त्याची गोष्ट

तक्रार दर वेळी एकाच चालीवर येते. नवा सर्व्हर आणला, कोअर दुप्पट झाले, कार्ड तेच, डिस्क त्याच, आणि आयओपीएस (सेकंदाला होणारे डिस्कचे रीड-राइट) मात्र जुन्या सर्व्हरपेक्षा कमी. सीपीयू फुल्ल, डिस्क निवांत. मग कोणी फर्मवेअर अपडेट करतं, कोणी केबल बदलतं, कोणी कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघतं. असे दोन दिवस गेले की तिकीट ड्रायव्हरवाल्यांच्या टेबलावर येतं.

मी पुण्यात ड्रायव्हर लिहिण्याचंच काम करतो. ही पोस्ट एका जुन्या स्कझी एचबीए, म्हणजे सर्व्हरला डिस्क जोडणाऱ्या कार्डाच्या, ड्रायव्हरवरच्या अशाच एका तिकिटाबद्दल आहे. आम्ही ते तीन वेळा बंद केलं आणि तीनही वेळा ते परत उघडलं. लक्षण दर वेळी तेच, कारण दर वेळी निराळं. एका वेळी एकाच कोअरला आत सोडणारं लॉक फोडून लहान करा हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण कोअर एकमेकांना अडवतात ते लॉकमुळे नाही, लॉकच्या आतल्या सामायिक डेटामुळे. डेटा सामायिक राहिला तर लॉक काढल्यावरही रांग तिथेच लागते. हे कळायला आम्हाला तिसरी खेप उजाडावी लागली.

सगळं लिनक्सवरचं आहे.

आधी हे लॉकच आहे का ते बघा

एफआयओ हे डिस्कचा वेग मोजायचं साधन घ्या. ४ केबी रँडम रीड, डायरेक्ट आयओ, क्यू डेप्थ (एका वेळी पाठवून ठेवलेले आयओ) ३२. जॉबची संख्या १, २, ४, ८, १६, ३२ अशी चढवत न्या आणि प्रत्येक जॉब वेगळ्या कोअरला बांधा. आयओपीएस एका ठिकाणी सपाट झाले आणि सीपीयू शिल्लक असेल, तर कार्डाची किंवा डिस्कची मर्यादा गाठली, ड्रायव्हरला दोष देऊ नका. सपाट झाले आणि सीपीयू फुल्ल असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. आठपर्यंत चढले, सोळाला थांबले आणि बत्तीसला चक्क खाली आले, तर लॉक किंवा लॉकसारखंच काहीतरी आहे यावर मी पैज लावीन.

हिशेब साधा आहे. एका आयओमागे, पाठवताना आणि परत येताना मिळून, एकच लॉक २ मायक्रोसेकंद धरलं जात असेल तर सेकंदाला ५ लाख आयओच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही. कोअर ८ असोत नाहीतर १२८. आणि हा झाला आदर्श हिशेब. प्रत्यक्षात लॉक एका कोअरकडून दुसऱ्याकडे जाताना त्याची कॅशे लाइनही (कोअर आपल्याजवळ ठेवतो तो मेमरीचा छोटा तुकडा) हलवावी लागते, दुसऱ्या सॉकेटवरून, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसर चिपवरून, आणायची तर शंभर नॅनोसेकंदांच्या घरात वेळ जातो. म्हणून गर्दी वाढली की आकडा नुसता थांबत नाही, खाली येतो.

अजून एक तपासणी लोक करत नाहीत, पण तिला पाच मिनिटं लागतात: नल ब्लॉक डिव्हाइसवर तोच एफआयओ चालवा. त्या डिव्हाइसच्या मागे हार्डवेअर नाहीच, आयओ आला की लगेच झाला म्हणून सांगतं. तिथेही आलेख खाली येत असेल तर अडचण तुमच्या ड्रायव्हरच्या वर कुठेतरी आहे. तिथे चढत असेल आणि तुमच्या कार्डावर नाही, तर मग पळवाट नाही, आपलाच कोड उघडायचा.

पर्फ या मोजणीच्या साधनाने सगळे कोअर, कॉलग्राफसह (कोणी कोणाला बोलावलं त्या साखळीसह), दहा सेकंद रेकॉर्ड करा. अहवालात वरच्या ओळीला क्यूड स्पिन लॉक स्लोपाथ (लॉक मिळेपर्यंत गरगरत वाट बघणारा कोड) दिसलं की थेट त्याच्या खालची साखळी उलगडा. स्लोपाथ सगळ्या लॉकना सामायिक असतो, त्याचं नुसतं नाव काही सांगत नाही. त्याला बोलावणारं फंक्शन कोणतं हे महत्त्वाचं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. व्हर्च्युअल मशीनमध्ये हार्डवेअर काउंटर मिळाले नाहीत तर पर्फ टायमरच्या इंटरप्टवर (कोअरला मध्येच थांबवणाऱ्या हाकेवर) नमुने घेतं. इंटरप्ट बंद असलेल्या भागात तो टायमर वाजतच नाही. इंटरप्ट परत चालू झाले की वाजतो, आणि सगळं पाप अनलॉक आयआरक्यू रिस्टोअर या फंक्शनच्या माथी येतं. मग माणूस विचारात पडतो की लॉक सोडायला इतका वेळ कसा लागतो! लागत नाही. तो सगळा वेळ आधीच्या, इंटरप्ट बंद असलेल्या कोडचा आहे. शक्य असेल तर खऱ्या मशीनवर मोजा.

कर्नल ५.१९ किंवा त्याच्या पुढचा असेल तर पर्फ लॉक कंटेन्शन ही कमांड बीपीएफच्या (चालू कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम घालण्याची सोय) पर्यायासह वापरा, वेगळा कर्नल बिल्ड करावा लागत नाही. जुन्या कर्नलवर लॉक स्टॅट चालू करून बिल्ड करायचा आणि प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीमधली त्याच नावाची फाइल वाचायची. लोक त्यात कंटेन्शनची संख्या बघून घाबरतात. मी आधी दोन रकाने शेजारी ठेवतो: एकूण वाट बघण्याचा वेळ आणि लॉक धरून ठेवण्याचा सरासरी वेळ. धरण्याचा वेळ मोठा असेल तर लॉकच्या आत नको ते काम चाललंय. धरण्याचा वेळ इवलासा आणि वाट बघण्याचा डोंगर, तर काम थोडंच आहे पण त्यासाठी येणारे फार आहेत. दोन्हींची औषधं वेगळी.

जाता जाता प्रॉकमधली इंटरप्टची फाइलही बघून घ्या. कार्डाच्या ओळीत एकाच कोअरचा आकडा पळत असेल आणि बाकीचे शून्यावर, तर ड्रायव्हरने एकच व्हेक्टर, म्हणजे इंटरप्टची एकच वाट, मागितलीय. आधी ते सोडवा.

पहिली खेप: तात्पुरता म्हणून लावलेला मॅक्रो

लिनक्स २.४ मध्ये सगळ्या ब्लॉक लेयरला (डिस्कचे आयओ ड्रायव्हरपर्यंत आणणारा कर्नलचा थर) मिळून एक लॉक होतं. मशीनला दहा डिस्क असल्या तरी एकच. २.६ मध्ये प्रत्येक क्यूला स्वतःचं लॉक मिळालं. स्कझीत मात्र त्यानंतरही ड्रायव्हरचं क्यूकमांड हे आयओ पाठवणारं फंक्शन होस्ट लॉक, म्हणजे सगळ्या कार्डाचं मिळून एक लॉक, धरूनच बोलावलं जायचं. २०११ च्या जानेवारीत आलेल्या २.६.३७ मध्ये हे लॉक वरच्या थरातून काढून ड्रायव्हरच्या पदरात टाकलं गेलं. सगळे ड्रायव्हर एका रात्रीत कोण सुधारणार, म्हणून सोबत एक मॅक्रो दिला. तो होस्ट लॉक घेतो, तुमचं जुनं फंक्शन बोलावतो, लॉक सोडतो. वागणूक तंतोतंत आधीसारखी.

आमच्या ड्रायव्हरनेही तो मॅक्रो लावला. पावसाळ्यापुरता म्हणून घातलेला पत्रा वर्षानुवर्षं छपरावर राहतो, तसा तो राहिला. मधल्या काळात वरचं जग बदललं. ३.१३ मध्ये, २०१४ च्या जानेवारीत, ब्लॉक लेयरला मल्टिक्यू मिळालं. ३.१७ मध्ये ते स्कझीपर्यंत पोचलं, आणि २०१९ मधल्या ५.० मध्ये जुना एकक्यू रस्ता काढूनच टाकला. म्हणजे वरून कोअरगणिक वेगळी क्यू येत होती आणि आमच्या दारात सगळ्या एकामागे एक उभ्या राहत होत्या.

पाठवण्याच्या फंक्शनची प्रिंट काढली आणि लॉकच्या आतली प्रत्येक पायरी पेन्सिलने वेगळी केली. साधारण अशी यादी झाली:

१. होस्ट लॉक घे, इंटरप्ट बंद कर
२. टार्गेट नंबरवरून डिव्हाइसच्या लिस्टमध्ये आपलं डिव्हाइस शोध
३. फ्री लिस्टमधून एक मोकळी कमांड काढ
४. डेटाच्या पानांचं डीएमए मॅपिंग कर (कार्डाला ती मेमरी थेट वापरता यावी म्हणून)
५. फर्मवेअरला हवी तशी फ्रेम भर
६. रिंगमध्ये (कार्डासाठीच्या गोल रांगेत) जागा आहे का ते कार्डाच्या रजिस्टरमधून वाच
७. फ्रेम रिंगमध्ये टाक, डोअरबेल वाजव (कार्डाला काम आल्याचं कळव)
८. लॉक सोड

प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहिला: इथे नेमका कोणता डेटा दुसऱ्या कोअरपासून वाचवायचाय?

४ आणि ५ समोर काहीच लिहिता आलं नाही. कमांड एकदा आपल्या हातात आली की ती आपलीच, तिची फ्रेम भरताना दुसरं कोणी तिला हात लावत नाही. या दोन पायऱ्या लॉकच्या बाहेर काढल्या. फुकटातला फायदा, आणि बऱ्याच ड्रायव्हरमध्ये एवढ्यावरच निम्मं दुखणं कमी होतं.

पायरी २ ला आम्ही चुकीचं औषध दिलं. लिस्ट जवळजवळ कधीच बदलत नाही, सगळे नुसती वाचतात, मग रीडर-रायटर लॉक लावू, असं ठरलं. लावलं. आलेख जागचा हलला नाही. कारण वाचणाऱ्यालाही "मी आत आहे" हे नोंदवावं लागतं आणि ती नोंद एकाच सामायिक शब्दात होते. आतलं काम चार ओळींचं असेल तर सगळा खर्च त्या नोंदीचाच. शेवटी शोधणंच बंद केलं. स्कझी लेयर डिव्हाइस तयार करताना ड्रायव्हरला एकदा बोलावतो. तेव्हाच आपला पॉइंटर डिव्हाइसच्या होस्टडेटा या जागेत ठेवून द्यायचा. नंतर प्रत्येक आयओला तो थेट मिळतो, ना लिस्ट, ना लॉक.

पायरी ३ सगळ्यात रंजक. मोकळ्या कमांड वाटायचं काम ब्लॉक लेयर आधीच करत असतो! प्रत्येक रिक्वेस्टला टॅग नावाचा नंबर मिळतो, आणि तो परत दिला जाईपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळत नाही. हे टॅग वाटणारा बिटमॅप बऱ्याच कोअरनी एकदम ओढला तरी टिकेल असाच, वेगवेगळ्या कॅशे लाइनवर पसरून बनवलेला आहे. मग आपल्या कमांडचा अ‍ॅरे करायचा आणि टॅग हाच त्याचा इंडेक्स. किंवा त्याहून सोपं म्हणजे होस्टच्या टेम्प्लेटमध्ये कमांडचा आकार सांगून ठेवायचा, स्कझी लेयर प्रत्येक रिक्वेस्टच्या मागे तेवढी जागा जोडून देतो. आमची फ्री लिस्ट, तिचं लॉक आणि ती संपली तर काय करायचं याचा सगळा कोड एका पॅचमध्ये उडाला. कोड उडवताना इतकं समाधान क्वचित मिळतं.

कार्डाला परतीच्या क्यू अनेक पण कमांड नंबर सगळ्यांत मिळून एकच मालिका, अशी रचना असेल तर जरा थांबा. प्रत्येक क्यूला स्वतंत्र टॅग मिळाले तर दोन क्यूंमध्ये तोच नंबर निघेल आणि फर्मवेअर गोंधळेल. यासाठी ५.१० पासून होस्ट टॅगसेट नावाचा फ्लॅग आहे, तो लावला की क्यू अनेक आणि टॅगची मालिका एकच राहते.

पायरी ६ दिसते बिनमहत्त्वाची, असते सगळ्यात महाग. पीसीआय एक्सप्रेसवर रजिस्टरमध्ये लिहिणं म्हणजे पत्र पेटीत टाकणं, टाकलं की आपण मोकळे. वाचणं म्हणजे उत्तर येईपर्यंत पेटीपाशी उभं राहणं. त्यात शेकडो नॅनोसेकंद ते एखादा मायक्रोसेकंद सहज जातो, आणि आम्ही ते लॉक धरून, इंटरप्ट बंद करून, प्रत्येक आयओला करत होतो. रिंगचा वाचण्याचा इंडेक्स फर्मवेअर मेमरीतही लिहू शकत होतं, तो पर्याय वर्षानुवर्षं कोणी चालूच केला नव्हता.

उरली पायरी ७. तिला लॉक हवंच, पण सगळ्या होस्टचं नको, त्या रिंगचं पुरे. क्यू कोअरगणिक असेल तर ते लॉक बहुतेक वेळा मोकळंच सापडतं, आणि मोकळं लॉक घेणं स्वस्त असतं. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्येही प्रत्येक सबमिशन क्यूला आपलं स्पिनलॉक आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. थेट ब्लॉक लेयरवर लिहिलेला ड्रायव्हर असेल तर अजून एक करा: या खेपेतली ही शेवटची रिक्वेस्ट का, हे लेयर सांगतो, तेव्हा डोअरबेल शेवटच्यालाच वाजवा.

परतीच्या वाटेवरही तेच होस्ट लॉक होतं. इंटरप्ट हँडलर लॉक घ्यायचा, पूर्ण झालेल्या कमांड एकेक करून वर कळवायचा आणि सगळ्या संपल्यावर लॉक सोडायचा. वर कळवणं म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये शिरणं, तिथे किती वेळ लागेल ते आपल्या हातात नाही. आता प्रत्येक परतीच्या क्यूला एकच इंटरप्ट व्हेक्टर आणि तो ठरलेल्या कोअरवर, त्यामुळे ती क्यू वाचायला लॉक लागतच नाही. तुमच्या हार्डवेअरला हे जमत नसेल तर निदान एवढं करा: लॉक धरून झालेल्या कमांडची लिस्ट एका झटक्यात स्वतःच्या स्थानिक लिस्टवर उचला, लॉक सोडा, मग सावकाश कळवत बसा.

एक आगाऊ सूचना. लॉकच्या आत प्रिंटके (कर्नलचे संदेश छापणारं फंक्शन) ठेवू नका, "कधीतरीच छापतो" म्हणूनसुद्धा नाही. सर्व्हरला सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर लावलेला असतो. सेकंदाला ११,५२० अक्षरं, म्हणजे ८० अक्षरांची एक ओळ छापायला सुमारे ७ मिलिसेकंद. तेवढा वेळ एका कोअरचे इंटरप्ट बंद आणि बाकीचे लॉकवर गरगरतायत. आमच्याकडे एरर आली की पाच ओळी छापल्या जायच्या. पाच साते पस्तीस.

लॉक काढल्यावर काय मोडतं

जुनं मोठं लॉक नकळत बऱ्याच गोष्टी सांभाळत असतं, आणि त्या कुठे लिहिलेल्या नसतात. आमच्या पहिल्या पॅचमध्ये टाइमआउट आणि कम्प्लीशन यांची गाठ राहून गेली. कमांड ३० सेकंदांत आली नाही म्हणून टाइमआउटचा कोड तिला रद्द करायला निघाला, आणि त्याच क्षणी कार्डाकडून ती पूर्ण होऊन आली. आधी दोघंही होस्ट लॉकपाशी एकामागे एक उभे राहायचे. आता दोघंही एकदम आत. कमांड दोनदा पूर्ण झाली, टॅग परत गेला, दुसऱ्या आयओला मिळाला, आणि रीसेटच्या टेस्टमध्ये कर्नल पॅनिक झाला. नशीब की पॅनिक झाला. गपचूप चुकीचा डेटा गेला असता तर शोधायला महिने लागले असते.

उपाय म्हणजे प्रत्येक कमांडमध्ये अवस्थेचा एक शब्द ठेवायचा आणि अ‍ॅटॉमिक, म्हणजे मध्ये कोणी घुसू न शकणाऱ्या, अदलाबदलीने "ही माझी" असं एकानेच म्हणायचं. जो हरला तो मागे फिरतो. हा शब्द त्या कमांडपुरताच, त्यामुळे त्यावर गर्दी होत नाही. रीसेटसाठी हॉट पाथवर (प्रत्येक आयओच्या वाटेवर) लॉक ठेवायची गरज नाही, ब्लॉक लेयरला क्यू थांबवायला सांगा, चालू असलेलं निपटू द्या, मग रीसेट करा.

लॉकडेप चालू केलेल्या कर्नलवर एकदा तरी सगळ्या टेस्ट फिरवा. एका लॉकची चार लॉक झाली की कोणी अ नंतर ब घेतं, कोणी ब नंतर अ. लॉकडेपला प्रत्यक्ष डेडलॉक व्हायची वाट बघावी लागत नाही, उलटा क्रम दिसला की तो बोंब मारतो.

दुसरी खेप: लॉक नाही, तरी रांग

काही महिने शांततेत गेले. मग टेस्टिंगमधली सहकारी टेबलापाशी येऊन म्हणाली, "अरे, ते परत आलंय बघ. दोन सॉकेटच्या मशीनवर." मी म्हटलं, शक्य नाही, आता होस्ट लॉकच नाहीये तिथे. पर्फमध्ये स्लोपाथ खरंच दिसत नव्हता. वर होतं आमचं स्वतःचं पाठवण्याचं फंक्शन, आणि त्यातही एकच इन्स्ट्रक्शन: लॉक प्रीफिक्स लावलेली बेरीज.

कार्डात एकूण किती कमांड चालू आहेत हे मोजणारा एक अ‍ॅटॉमिक काउंटर. पाठवताना एक मिळवायचा, परत आल्यावर एक वजा करायचा. फर्मवेअरची मर्यादा ओलांडू नये म्हणून कोणीतरी फार पूर्वी घातलेला. अ‍ॅटॉमिक म्हणजे लॉकविना, आणि लॉकविना म्हणजे वेगवान, असा आपला समज असतो. पण बेरीज करायची तर कोअरला ती कॅशे लाइन एकट्याच्या ताब्यात घ्यावी लागते. दोन सॉकेटचे सगळे कोअर प्रत्येक आयओला दोनदा ती लाइन एकमेकांकडून ओढत होते. लॉकच ते, फक्त लॉक हे नाव नसलेलं. म्हणूनच लॉक मोजणाऱ्या कुठल्याही साधनाला ते दिसत नाही.

स्कझी लेयरमध्येसुद्धा असाच होस्टभर सामायिक काउंटर होता, आणि मल्टिक्यूच्या वाटेवरून तोही पुढे काढावा लागला. त्यामुळे आम्ही काही जगावेगळे मूर्ख नव्हतो एवढं समाधान.

पहिला विचार आला पर-सीपीयू काउंटरचा, प्रत्येक कोअरने आपापला आकडा वाढवायचा आणि हवं तेव्हा बेरीज घ्यायची. नुसत्या आकडेवारीसाठी ते उत्तम. मर्यादेसाठी मात्र बरोबर नाही, कारण मर्यादा तपासायला प्रत्येक वेळी बेरीज घ्यावी लागेल. मग लक्षात आलं की काउंटर हवाच कशाला? फर्मवेअरची मर्यादा होस्टच्या कॅन क्यू या फील्डमध्ये लिहिली की त्याहून जास्त टॅग निघणारच नाहीत. मर्यादा टॅगच पाळतात. काउंटर आणखी एकाच ठिकाणी वापरला जात होता, रीसेटच्या वेळी सगळं निपटलं का ते बघायला. तिथे स्कझी लेयरचं होस्ट बिझी फंक्शन आहे, ते सगळे टॅग चाळून आकडा सांगतं. चाळायला वेळ लागतो, लागू दे. रीसेट काही सेकंदाला लाख वेळा होत नाही.

तिसरी खेप: डीबग कर्नलवर गायब होणारा आजार

हिने सगळ्यात जास्त रडवलं. आलेख परत बत्तीसला खाली. लॉक नाही, अ‍ॅटॉमिक नाही. लॉक स्टॅटचा कर्नल लावला तर आजारच गायब! साधा कर्नल लावला की परत हजर. पर्फमध्ये वर दिसत होती एक निरुपद्रवी ओळ, होस्टच्या स्ट्रक्चरमधून रजिस्टरचा बेस पत्ता वाचणारी. जो पत्ता ड्रायव्हर लोड झाल्यापासून कधीच बदललेला नाही.

पर्फ सीटूसी ही कमांड कॅशे लाइनवरची भांडणं दाखवते. तिने सांगितलं की त्या पत्त्याच्याच ६४ बाइटच्या लाइनवर, १६ बाइट पुढे, कोणीतरी सतत लिहितंय. पाहोलने स्ट्रक्चरची मांडणी छापून बघितली तर तिथे नवीन फील्ड: शेवटची कमांड पूर्ण झाल्याची वेळ. मधल्या रिलीजमध्ये वॉचडॉग घातला होता, कार्ड मेलं तर कळावं म्हणून. प्रत्येक कम्प्लीशनला ही वेळ लिहिली जायची, कुठल्याही कोअरवरून. साधं लिहिणं, लॉक नाही, अ‍ॅटॉमिक नाही, कोड रिव्ह्यूत माझ्याच नजरेखालून गेलेलं. पण लिहिलं की बाकी सगळ्या कोअरकडची ती लाइन बाद होते, आणि शेजारचा बिचारा बेस पत्ता वाचायला त्यांना ती परत मागवावी लागते.

डीबग कर्नलवर गायब का? साध्या कर्नलमध्ये स्पिनलॉक ४ बाइटचं असतं. लॉक स्टॅट चालू केलं की प्रत्येक लॉकमध्ये नोंदींची भर पडते आणि ते कितीतरी मोठं होतं. आमच्या स्ट्रक्चरमध्ये या दोन फील्डच्या आधी आणि मध्ये लॉक होती, ती फुगली आणि दोन फील्ड वेगवेगळ्या लाइनवर जाऊन पडली. मोजायला गेलो आणि मोजण्याच्या फूटपट्टीनेच आजार झाकला. तेव्हापासून मी डीबग कर्नलवरचा "सगळं ठीक" हा निकाल मानत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची. नुसती वाचायची फील्ड एकत्र आणि लिहायची फील्ड वेगळ्या, कॅशे लाइनला जुळवलेल्या जागी. आणि वॉचडॉगची वेळ क्यूगणिक ठेवली, तीही आधी वाचायची, बदलली असेल तरच लिहायची. ती वेळ जिफीमध्ये (कर्नलच्या घड्याळाच्या टिकटिकीत) आहे. कर्नल २५० हर्ट्झचा असेल तर जिफी ४ मिलिसेकंदांनी बदलते, म्हणजे लाखो लिहिण्यांऐवजी एका क्यूला सेकंदाला जेमतेम २५० लिहिणी. वॉचडॉगला सेकंदांशी मतलब, त्याला ४ मिलिसेकंदांचं काय!

या खेपेनंतर स्ट्रक्चरच्या डोक्यावर एक कॉमेंट टाकलीय: या भागात नवीन फील्ड घालायच्या आधी ती कोण लिहितं, किती वेळा लिहितं ते इथे लिहा. आणि रात्रीच्या टेस्टमध्ये एफआयओचा तो १ ते ३२ चा आलेख कायमचा बसवलाय. बत्तीसचा आकडा सोळापेक्षा कमी आला की बिल्ड लाल.

चौथ्यांदा

चौथ्यांदा तिकीट उघडलं तेव्हा रात्रीची टेस्ट हिरवी होती, ग्राहकाकडचा आलेख मात्र खाली. मी पर्फचा रेकॉर्ड मागवला. स्लोपाथ होता, धडधडीत पहिल्या ओळीला. साखळी उलगडली तर वर आमचं एकही फंक्शन नाही, सगळी डेडलाइन शेड्युलरची (आयओचा क्रम लावणाऱ्या कोडची). एमक्यू डेडलाइन आपल्या रांगा एका लॉकखाली ठेवतो. फिरत्या डिस्कला त्याचा फायदा आहे, तिथे क्रम लावण्यात मिळणारा वेळ लॉकच्या खर्चाहून कितीतरी मोठा. फ्लॅशवर, बत्तीस कोअरच्या मागे, तो आमच्या जुन्या होस्ट लॉकचाच धाकटा भाऊ.

सिस फाइलसिस्टममध्ये त्या डिस्कची शेड्युलरची फाइल वाचायला सांगितली. निवडलेला शेड्युलर दाखवणारा चौकटी कंस नन (शेड्युलर नाही) वर असायला हवा होता, तो एमक्यू डेडलाइनवर होता. कोणीतरी फिरत्या डिस्कच्या जुन्या सर्व्हरवरचा यूडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की आपोआप लागू होणारा) नियम जसाच्या तसा नव्या मशीनवर कॉपी केला होता. ती एक ओळ काढली, मशीन रीबूट केलं, आलेख सरळ. ड्रायव्हरचा सोर्स त्या दिवशी मी उघडलासुद्धा नाही.